हात मांडीवर

केदारखेडा,
११ ऑगस्ट २०२५

आदिनाथ,

फोनवर मला आता काहीच ऐकू येत न्हाई. आवाज मोठा केला तर मला सोडून सगळ्या आळीला ऐकू जातं. म्हणून लिहून राह्यले. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. अक्षर वाकडं वाटलं तर मान वाकडी करून वाच.

तातेराव परवा मिरच्या घेऊन जालन्याला गेल्ता. येताना त्यानं तुझी बातमी आणली आणि घरी पाणीसुद्धा न पिता पारावर जाऊन सांगितली. म्हणे, आपल्या कल्याणचा पोरगा आदिनाथ एका घराच्या खिडकीतून दिसला. जमिनीवर मांडी घालून बसल्ता. समोर दोन भांडी. ह्या भांड्यातले तांदूळ त्या भांड्यात ओतत होता, मंग त्या भांड्यातले ह्या भांड्यात. आजूबाजूला बाया बसल्या होत्या आणि त्या गुमान बघत होत्या. तातेराव म्हणतो, हाक मारणार होतो, पण भ्यालो.

आता गावात दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते पोराला कुणी काही खाऊ घातलं. दुसरी म्हणते कोण्या बुवाच्या नादी लागला. तुझ्या बापानं ऐकलं, उठला आणि बैलाला वैरण टाकायला गोठ्यात गेला. बैल तर वावरात होते.

तू आम्हाला सांगितलं, कारखाना सोडला, मास्तरचं शिक्षण घेऊन राह्यलो. मास्तर तांदूळ ओतत न्हाईत. माझ्या वेळचा मास्तर छडी मारायचा आणि आमच्याकडून त्याच्या घरचं पाणी भरून घ्यायचा, त्याला कोणी खुळा म्हणलं न्हाई.

तुझं डोकं ठिकाणावर हाय का तेवढं कळव. असल तर मंग ते तांदूळ काय हायेत ते सांग. खरं लिही. गोड लिहिलेलं मला लगेच कळतं.

दुर्गाबाई

•

जालना,
१७ ऑगस्ट २०२५

आजी,

पाया पडतो. डोकं ठिकाणावर आहे. तातेरावांनी पाहिलं तेही खरं आहे. हाक मारली असती तर चहा पाजला असता.

खरं लिही म्हणालीस, म्हणून पहिल्यापासून लिहितो. आयटीआय करून कारखान्यात लागलो ते तुला माहीत आहे. सुटीच्या दिवशी मी बाहेरची वायरिंगची कामं घ्यायचो. तसाच एकदा इथल्या बालघरात पंखे बसवायला आलो. चंदनताई म्हणून एक मारवाडी बाई आहेत, त्या ते चालवतात. म्हणाल्या, मुलं आत आहेत, त्यांना उठवायचं नाही, तुम्ही आवाज न करता काम करा. मला वाटलं मुलं झोपलीत. शिडीवर चढून बघतो तर सगळी जागी. तीन ते सहा वर्षांची पोरं, प्रत्येक जण आपापल्या कामात. एक टेबल पुसतोय, एक खरखरीत अक्षरावरून बोट फिरवतोय. एक मुलगी लाकडाच्या पेटीतले दट्टे काढून पुन्हा आपापल्या भोकात बसवत होती. एक दट्टा चुकला की शेवटी एक उरायचा आणि बसायचा नाही. ती रडली नाही की कुणाला बोलावलं नाही. सगळे बाहेर काढले आणि पुन्हा सुरू केलं. बाई बाजूला बसून होत्या, त्यांनी बोट लावलं नाही. आजी, मी पंखा हातात धरून तिच्याकडेच बघत राहिलो. ते काम दुपारी संपायचं होतं, संध्याकाळ झाली.

जाताना मी ताईंना विचारलं, हे शिकवायला पुरुषांना घेतात का. त्या म्हणाल्या, आजवर कोणी विचारलं नाही.

ह्याला माँटेसरी पद्धत म्हणतात. त्याच्या शिक्षकाचं हे वर्षाचं शिक्षण आहे. तीन वर्षांच्या लेकराला ओतायला शिकवायचं तर आधी तांदूळ, मग पाणी. आणि शिकवायचं म्हणजे सांगायचं नाही, करून दाखवायचं. इतकं सावकाश, की लेकराच्या डोळ्याला प्रत्येक हालचाल धरता आली पाहिजे. म्हणून आम्ही आधी एकमेकांसमोर करून बघतो. मला ते अजून येत नाही. ताई म्हणतात, आदिनाथ, तुम्ही ओतत नाही, उरकता.

आमच्या वर्गात मी एकटाच पुरुष आहे. बाबांना हे आत्ता सांगू नकोस.

आदिनाथ

•

केदारखेडा,
२८ ऑगस्ट २०२५

आदिनाथ,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुला खुळाच समजले. तांदूळ ओतायला वर्षभराचं शिक्षण. आमच्या पोरी चालायला लागल्या का घागर उचलायच्या.

पण पोळ्याला तू घरी आल्ता तेव्हा मी बघितलं. तू ताटं मांडली आणि आवाज आला न्हाई. तुझ्या मायनं ताट ठेवलं तर शेजारच्या उषाबाईला कळतं का आमच्याकडं जेवण वाढलंय. पाण्याचा तांब्या तू दोन्ही हातानं ठेवला, जसं काही झोपलेलं लेकरू ठेवतात. पयले तू असा न्हवता. पयले तू दारातून आला का दाराला कळायचं. मी काही बोलले न्हाई, पण बघितलं.

तू अन् तुझा बाप मात्र बैलाच्या शिंगाला रंग लावताना बैलाच्या दोन बाजूला उभे राह्यले आणि शब्द बोलले न्हाई. बैलाला कसंनुसं झालं असंल.

तुझी बहीण तिच्या पोरीला, राजनंदिनीला घेऊन आल्ती, ती चार दिवस राह्यली. मी म्हणलं बघू ह्याचं शास्तर. पोरीला ताट दिलं, चमचा दिला, म्हणलं खा बाई तुझी तू. दोन घास तोंडात गेले, बाकी वरण कानापर्यंत. मला बघवलं न्हाई. मंग मीच भरवलं. तुझ्या बाईला विचार, जिला बघवत न्हाई तिनं काय करायचं.

बापाला सांगितलं न्हाई. पण हे लपवायचं काम काऊन करून राह्यला? चोरी केली का? तांदूळ तर तिथंच राह्यले, एका भांड्यातले दुसऱ्यात.

दुर्गाबाई

•

जालना,
९ नोव्हेंबर २०२५

आजी,

दिवाळीत तुझ्याजवळ बसायला मिळालं नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आणि जे सांगायचं होतं ते तेव्हा घडलेलंही नव्हतं.

तुझा प्रश्न मी ताईंना विचारला होता. त्या हसल्या. म्हणाल्या, जिला बघवत नाही तिनं आपले हात मांडीवर ठेवायचे. तेवढंच शिकायला आपण सगळे इथं आलोय.

आधी चांगलं लिहितो. दिवाळीनंतर आम्हाला खऱ्या वर्गात उभं केलं. आता ओततो, उरकत नाही. परवा एका मुलाला सदऱ्याच्या गुंड्या लावायच्या होत्या. ताई दारात उभ्या होत्या. मी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि त्याच्या शेजारी बसून राहिलो. त्याला फार वेळ लागला. शेवटची गुंडी लागली तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. आपल्याच पोटाकडे बघत उठला आणि गेला. ताई म्हणाल्या, आज तुम्ही शिक्षक झालात. मला कारखान्यात कोणी असं काही म्हणालं नव्हतं.

आता दुसरं. वर्गात पुरुष आहे हे घरोघरी कळलं आणि काही पालक ताईंकडे आले. त्यांच्यात पुढे होते गोपीकिशनजी, नव्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत आहे. त्यांची नात पलक आमच्या वर्गात आहे, चार वर्षांची, तिला रोज तेच सोडायला येतात. ते म्हणाले, रोज पेपरात काय काय येतं ते आम्ही वाचतो. ह्या मुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण लहान मुलींच्या वर्गात पुरुष नको. बाकीच्यांनी मान हलवली. ताईंनी मला वर्गातून काढलं नाही, पण जोपर्यंत पालकांचं ठरत नाही तोपर्यंत आत जाऊ नका म्हणाल्या.

आजी, वर्गातलं काम पुरं झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा नाही तर प्रमाणपत्र नाही. जालन्यात दुसरं बालघर नाही जिथं मला उभं करतील. मी सध्या मागच्या खोलीत बसून लाकडी सामानाला पॉलिश करतो. मुलं दारातून डोकावून विचारतात, तुम्ही आत का येत नाही.

मला राग येतो, पण कोणावर काढावा ते कळत नाही.

आदिनाथ

•

केदारखेडा,
१५ नोव्हेंबर २०२५

आदिनाथ,

राग कोणावर काढायचा न्हाई. त्या गोपीकिशनवर तर बिलकुल न्हाई. नातीचा आजा हाय, भिणारच. आपल्या राजनंदिनीच्या शाळेत अनोळखी गडी बसला असता तर मी तर काठी घेऊन गेले असते, पेपर वाचत नसले तरी. तू चांगला हायेस हे मला माहीत हाय, मी तुला न्हाऊ घातलं. त्याला कसं माहीत असंल? त्यानं तुला कुठं बघितलं? तुझं नाक सरळ हाय म्हणून त्यानं लेकरू हवाली करायचं का?

पण एक मला कळत न्हाई. तो म्हणतो पुरुष नको, आणि पोरीला शाळेत घेऊन येतो कोण? तोच. मंग तो कोण हाय, बाई?

त्याला बघू दे. तुझ्या ताईला म्हण, लोकांना बोलवा आणि दाखवा. पॉलिश करून लाकूड चमकंल, तू न्हाई चमकणार.

इकडं कापूस वेचणीला बाया मिळत न्हाईत. तुझा बाप स्वतः कमरेला ओटी बांधून वेचतो आणि कोणी विचारलं पोरगा कुठंय तर म्हणतो, जालन्याला. त्याच्या पुढं काही विचारलं तर म्हणतो, ऊन लई हाय.

दुर्गाबाई

•

जालना,
२० नोव्हेंबर २०२५

आजी,

तू लिहिलंस तेच ताईंनीही ठरवलं होतं. येत्या २९ तारखेला, शनिवारी, सकाळी सगळ्या पालकांना बोलावलं आहे. मी नेहमीसारखा वर्ग चालवायचा आणि त्यांनी भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर बसून बघायचं. हात मांडीवर. बोलायचं नाही, उठायचं नाही, कोणत्याही मुलाला मदत करायची नाही. नंतर ते बसून ठरवतील. नाही म्हणाले तर मी सामान बांधतो.

तू येऊ नकोस. तुला बघितलं की मी पुन्हा उरकायला लागेन. दुसरं म्हणजे, आजी, गप्प बसणं तुला जमणार नाही.

आदिनाथ

•

केदारखेडा,
१ डिसेंबर २०२५

आदिनाथ,

तू येऊ नको म्हणला म्हणून मी आले. आता तुला तोंड दाखवायच्या आधी लिहून टाकते, कारण त्या दिवशी मी तुला न भेटता बस धरली आणि तुझी माय म्हणते तू फोनवर फोन करून राह्यला. मी रागावले न्हाई. आधी पूर्ण वाच.

तुझ्या ताईला मी दारातच सांगितलं, मी त्याची आजी हाय, पण कोणाला सांगू नका, त्यालाही न्हाई. त्या बाईनं माझ्याकडं बघितलं आणि मला सगळ्यात मागची खुर्ची दिली. डोक्यावर पदर ओढून बसले. तू बघितलं तेव्हा तुझं तोंड पांढरं पडलं, पण तू मान दुसरीकडं वळवली. बराबर केलं.

मी काय बघितलं ते लिहिते. एक पोरगा त्याच्यापेक्षा मोठी खुर्ची उचलून चाललेला, पाय आपटत न्हाई, ठेवताना वाजत न्हाई. एक पोरगी गुंडाळलेली चटई घेऊन आली, उलगडली, कडा हातानं सपाट केल्या. कोणी कोणाचं ओढत न्हाई. कोणी ओरडून राह्यलं न्हाई. आणि तू मधोमध खाली बसलेला. तू एवढा दांडगा गडी, पण तुझी सावलीसुद्धा कोणावर पडली न्हाई. लेकरू आलं का तू दाखवायचा, दाखवून झालं का सरकायचा. मी आजवर मास्तर बघितले ते सगळे पुढं पुढं करणारे. मागं सरकणारा मास्तर पयल्यांदा बघितला. मनात म्हणलं, हा माझाच का?

मंग त्या पोरीनं, निळ्या फ्रॉकवालीनं, पाण्याचा जग उचलला. जग जड. एक पेला भरला, दुसरा भरला आणि तिसऱ्याला हात हलला. सगळं पाणी टेबलावरून तिच्या पायावर. ती उभीच राह्यली. तू बघितलं, मला माहीत हाय तू बघितलं, पण तू जागेवरून हलला न्हाई. मला वाटलं हा असा काऊन बसला? थंडीचे दिवस, लेकरू भिजलं. आणि मंग मला काही कळायच्या आत मी उठले होते. पदरानंच टेबल पुसलं, तिचे पाय पुसले, जग उचलून वर ठेवला. झालं बाई, म्हणलं.

ती रडली न्हाई. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "ते माझं होतं."

तेवढ्यात तू आला. गुडघ्यावर बसला, आधी तिच्याशी नजर मिळवली, मंग माझ्याकडं बघून म्हणला, "आजी, हे तिचं काम आहे. तुम्ही बाहेर ओसरीवर बसा."

तुम्ही म्हणला. जन्मात तू मला कधी तुम्ही म्हणला न्हाई. आणि माझ्या कोपराला हात लावून दारापर्यंत नेलं. सगळे बघत होते. कोणाला कळलं न्हाई तू माझा कोण हायेस ते, म्हातारीला आजी तर कोणीही म्हणतं.

पयले मला राग आला. खरं लिहिते. ओसरीवर बसून मी तुला शिव्या दिल्या, मनात. मंग विचार केला का घरात लेकरू पडलं का आपण सगळे धावतो, आणि धावून धावून मोठं करतो, आणि ते मोठं झालं का म्हणतो याला काहीच जमत न्हाई. तू तिथं बसला तो काही दगड म्हणून न्हाई बसला. उठायची ताकद असून बसला. ते उठण्यापेक्षा अवघड हाय. मला जमलं न्हाई म्हणून कळलं.

थोड्या वेळानं एक उंच म्हातारा बाहेर आला, पांढरा सदरा, कपाळाला गंध. माझ्याजवळ उभा राहून म्हणाला, "बाई, मला वाईट वाटलं. एवढ्या वयाच्या माणसाला बाहेर काढायचं म्हणजे घमेंड आहे ह्या पोराला."

मी म्हणलं, "लेकरं त्याच्या हवाली केलीत ना? मंग त्यानं लेकराचं बघावं का माझं?"

तो माझ्या शेजारी ओसरीवर टेकला. मंग म्हणाला, ती माझी नात होती. मीही उठणार होतो, तुम्ही आधी उठल्या. घरी आम्ही तिला पेलासुद्धा उचलू देत न्हाई.

मी म्हणलं, मंग आत जा आणि बघा ती आता काय करून राह्यली. तो आत गेला आणि मी बसस्टँडला गेले. पुढं काय झालं ते मला माहीत न्हाई. माझ्यामुळं तुझं बिघडलं असंल तर तसं लिही. गोड लिहू नको.

दुर्गाबाई

•

जालना,
६ डिसेंबर २०२५

आजी,

बिघडलं नाही. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला वाटत होतं, मी दोन्ही गमावलं. तुलाही आणि वर्गालाही. तुझं पत्र आलं ते मी दारातच उभ्यानं पूर्ण वाचलं.

पुढचं सांगतो. तू गेल्यावर पलकनं थोडा वेळ नुसतं टेबलाकडे बघितलं. मी जग पुन्हा भरून आणायचा इशारा केला नाही, काहीच केलं नाही. मग ती स्वतः गेली, जग घेतला, नळावर भरला. ह्या वेळी अर्धाच भरला. आजी, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. गोपीकिशनजी त्याच वेळी आत येऊन खुर्चीवर बसले. तिनं तिन्ही पेले भरले. थोडं सांडलं. मग फडकं आणलं, पुसलं, पिळलं, वाळत घातलं. आणि आजोबांकडे न बघताच दुसऱ्या कामाला गेली. गोपीकिशनजी तिच्याकडे असे बघत होते जसं कोणी दुसऱ्याच घरातलं मूल बघतो.

नंतर सगळे बसले. त्यांनीच पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, एक गोष्ट मला पटली नाही, म्हाताऱ्या बाईंना असं बाहेर काढायला नको होतं, कोणाच्या घरच्या होत्या त्या?

ताई म्हणाल्या, "आदिनाथच्या. सख्खी आजी."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. गोपीकिशनजींनी मला विचारलं, "अपनी दादी को?"

मी म्हणालो, वर्गात ती पाहुणी होती. काम पलकचं होतं.

मग त्यांनी खुर्ची माझ्यासमोर ओढून घेतली. नंतर त्यांनी सगळ्यांसमोर मला जे विचारायचं होतं ते स्पष्ट विचारलं. ते कशाला भितात ते. मी पहिल्यांदा ते नीट ऐकलं, कारण तू लिहिलं होतंस की भिणारच. म्हणून मी रागानं उत्तर दिलं नाही. मी सांगितलं, मलाच काही गोष्टी हव्या आहेत. वर्गाचं दार कधी लावायचं नाही. कोणत्याही मुलाबरोबर मी एकटा राहणार नाही. कपडे बदलणं, बाथरूमला नेणं, हे सगळं मावशी करतील. आणि दाराजवळ एक खुर्ची कायमची ठेवायची. कोणत्याही घरच्यानं, कोणत्याही दिवशी, न सांगता यावं आणि बसावं. ताई म्हणाल्या, हा नियम आदिनाथसाठी नाही, आता आमच्या सगळ्यांसाठी. मलाही लागू.

तरीही एका आईनं मुलाला काढून नेलं. तिला मी दोष देत नाही. पण तो गुंड्यांवाला मुलगा होता. वाईट वाटलं.

गोपीकिशनजी तेव्हापासून रोज येऊन बसतात. आडतीवर जायच्या आधी. हात मांडीवर. काल पलकनं बूट उलटे घातले. उजवा डाव्यात. त्यांचा हात अर्ध्या रस्त्यात गेला, थांबला आणि परत मांडीवर आला. मी बघितलं. त्यांनी मला बघताना बघितलं. मग मी बाजूच्या मुलाकडे वळलो.

मी वर्गात परत आहे. परीक्षा मार्चमध्ये.

आजी, मला तुला बाहेर काढताना काय झालं ते लिहिता येत नाही. तुझ्या कोपराचं हाड हाताला लागलं. तू एवढी बारीक झालीस ते मला माहीत नव्हतं.

बाबांना आता मी स्वतः सांगतो. घाबरत होतो ते संपलं.

आदिनाथ

•

केदारखेडा,
१४ डिसेंबर २०२५

आदिनाथ,

कोपराचं सोड. म्हातारीचं हाड लागणारच, तिथं काय गादी असती का?

तू बापाला सांगतो म्हणला. उशीर झाला. मी सांगितलं.

घरात सांगितलं असतं तर तो वैरण टाकायला गेला असता. म्हणून पारावर सांगितलं, सगळ्यांसमोर. तातेराव होता, म्हणलं आता पूर्ण ऐक, अर्धंच बघून आल्ता. तांदळापासून सांगितलं. पोरीनं जग कसा अर्धा भरला ते सांगितलं. नुसतं पाणी ओतायला वर्ष लागतं तर लागू दे, म्हणलं, आमच्यापैकी कोणाला गप बसायला जन्म पुरला न्हाई. मंग सांगितलं का आदिनाथनं मला वर्गातून बाहेर काढलं.

सगळे तुझ्या बापाकडं वळले. तुझा बाप म्हणाला, "तुला? बाहेर?"

मी म्हणलं, हो. कोपराला धरून.

तातेराव म्हणाला, पोरगं वाया गेलं. तुझा बाप त्याच्याकडं वळून म्हणाला, "आमच्या मायला आजवर कोणी बाहेर काढलं न्हाई. माझ्या बापाची छाती झाली न्हाई." आणि हसला. आदिनाथ, मी त्याला दिवाळीतसुद्धा हसताना बघितलं न्हाई.

घरी येताना त्यानं मला विचारलं, लेकरं त्याचं ऐकतात का. मी म्हणलं, तोच त्यांचं ऐकतो. त्याला ते कळलं न्हाई. मलाही तिथं बसेपर्यंत कळलं न्हवतं. मंग विचारलं, एवढे बसून बघतात त्याच्याकडं, त्याला राग येत न्हाई का. मी म्हणलं खुर्ची त्यानंच मागून घेतली. ह्यावर तो बांधापर्यंत माझ्या पुढं चालत गेला. मंग म्हणाला, आपल्या घरात असं कोणी न्हवतं.

न्हवतंच. मी तुला कधी चांगलं म्हणले न्हाई आणि आताही तोंडावर म्हणणार न्हाई, म्हणून इथं लिहिते. तू चांगलं काम करून राह्यला. ज्यांना तू नको होता त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं. ती आई पोराला घेऊन गेली त्याचं वाईट वाटून घे, पण लई न्हाई. तिनं खुर्चीवर बसावं एवढंच तू करू शकतो, बसायचं का न्हाई ते तिचं.

आता कामाचं. गुरुवारी तुझा बाप जालन्याला येऊन राह्यला. मला म्हणतो कापसाच्या कामानं चाललो. कापूस घरात हाय आणि व्यापारी इथंच येतो. नवीन धोतर काढून ठेवलंय. तू काही माहीत असल्यासारखं करू नको.

आला का त्याला खुर्ची दे. तुम्ही म्हण. हात मांडीवर ठेवायला सांग. त्याच्या शेजारी त्या गोपीकिशनला बसव, त्याला आता सवय झाली. पण तुझा बाप न्हाई टिकणार, मी सांगते. कोण्या तरी लेकराचं काही सांडंल आणि तो उठंल.

उठला तर बाहेर काढ.

दुर्गाबाई